तीन मिनिटं बावन्न सेकंद

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही खरं तर रक्तदाबाची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज सकाळी आकडा लिहा आणि महिन्याने मला दाखवा. तीन आठवडे इमानेइतबारे लिहिले. पण एवढ्या मोठ्या पानावर एक आकडा लिहून बाकीचं कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं. जन्मभर नको ते काढून टाकायचं काम केलं, आता भरायचं करून बघते.

आजचा आकडा मात्र लिहीत नाही, कारण तो फोननंतर घेतला.

फोनवर कुठल्याशा कंपनीतली एक मुलगी होती. "मॅडम, 'शिकाऊ गाडी'चं एडिटिंग तुम्हीच केलं होतं ना?" म्हटलं, हो, सव्वीसच्या सव्वीस भाग. त्यावर तिने सांगितलं की लहानपणी कांजिण्या झाल्या तेव्हा तिने ती मालिका अंथरुणात पडून पाहिली होती, आणि आता तिची कंपनी ती धुऊनपुसून पुन्हा लोकांपुढे आणणार आहे. एकच मोटार असलेलं ड्रायव्हिंग स्कूल आणि ते चालवणारे भाऊ-बहीण, एवढीच गोष्ट. पण त्या काळी लोक तिच्यासाठी जेवणाची वेळ बदलायचे. कंपनीला सहा भागांवर कॉमेंट्री हवी आहे. म्हणजे भाग चालू राहणार आणि तो ज्यांनी केला ती माणसं शेजारी शेजारी बसून बोलत राहणार, हे असं का केलं, त्या दिवशी काय झालं. बघणाऱ्याने एक बटण दाबलं की संवादांवर आमची बडबड ऐकू येणार. दर गुरुवारी एक भाग, असे सहा गुरुवार. मध्ये थांबायचं नाही.

"शेजारी शेजारी म्हणजे मी आणि कोण?" मी विचारलं.

"लेखक. त्यांच्या घरून होकार आलाय."

लेखक म्हणजे मास्तर. आधी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. तिथे संकलनाला मी एकटीच बाई, म्हणून मी बाई. आमच्याकडे नावानं कुणी कुणाला हाक मारलीच नाही. मास्तर आणि मी बावीस वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही.

मी पण हो म्हटलं. ते घाबरले नाहीत तर मी कशाला घाबरू.

५ फेब्रुवारी, बुधवार

भांडणाचं एकदा लिहून काढते, म्हणजे उद्या तिथे पारा चढणार नाही.

शेवटच्या भागात भाऊ मोटार विकतो. नव्या मालकाच्या तळहातावर किल्ली ठेवतो आणि मग मोटारीशी बोलतो. ते मास्तरांचं भाषण, तीन मिनिटं बावन्न सेकंदांचं. त्याच्या पुढच्या दृश्यात भाऊ-बहीण बसने घरी निघालेत. बसवाल्याने ब्रेक मारला की दोघांचेही पाय आपोआप खाली दाबले जातात, कारण शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि दोघांचा जन्म त्यावर पाय ठेवून गेलेला. तिथे मालिका संपते.

मी भाषण अख्खं काढलं. किल्ली, आणि थेट बस. लोक हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, टोपलीभर पत्रं आली. मास्तर मात्र दुसऱ्या दिवशी एडिटिंगच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत आलेच नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही माझी जीभ कापलीत." मी म्हटलं, "जीभ नाही, शेपूट." त्यानंतर ना फोन, ना पत्र.

शेपूट म्हणायला नको होतं. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. पण कट बरोबर होता, आणि तो बरोबर होता हे मास्तरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला काही चैन पडणार नाही. सहा गुरुवार आहेत. बघू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल केस धुतले होते, आज पुन्हा धुतले. कंपनीच्या जागेत एसी असतो, केस नीट बसलेले बरे.

खोली लहान. भिंतींना गालिच्यासारखं जाड कापड, समोर पडदा, टेबलावर दोन माइक, आणि काचेपलीकडे कानांवर मोठे हेडफोन चढवून बसलेला ध्वनिमुद्रक. मास्तर लेकीचा हात धरून आले. बारीक झालेत. केस सगळे पांढरे, पण भांग तसाच, पट्टीने आखल्यासारखा. मला बघून उभ्या उभ्या हात जोडले. "नमस्कार. बसा ना. यायला त्रास नाही ना झाला?"

एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं. एकदाही बाई म्हणाले नाहीत. बावीस वर्षांचा फुगा, तो काय एका दिवसात बसणार.

मग चहा आला. मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, एक चिठ्ठी काढली. मुद्दे लिहून आणायची सवय जुनीच. त्यावर नजर टाकून चहावाल्याला म्हणाले, "यांना बिनसाखरेचा." मी मनातल्या मनात म्हटलं, रुसलेला माणूस आणि चहातली साखर बरी लक्षात राहिली. निम्मा राग तिथेच गेला. हे कबूल करायला लागू नये म्हणून मी चहा गार असल्याची तक्रार केली.

कॉमेंट्री बरी झाली. मोटारीचा हॉर्न अडकला आणि सगळी गल्ली गोळा झाली तो किस्सा मास्तरांनी असा रंगवला की काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक खुर्चीतल्या खुर्चीत डोलत होता. पण दहा मिनिटांनी त्यांनी तोच किस्सा पुन्हा सांगितला. तेच शब्द, नाकपुडी फुगवायची तीच लकब. मी ओळखलं. मुद्द्यावर यायचं नसलं की किस्से सांगत सुटायचं, ही मास्तरांची जुनी युक्ती. मला बोलायला फट ठेवायची नाही, असं ठरवूनच आलेत.

९ फेब्रुवारी, रविवार

कंपनीतल्या मुलीने अभ्यासाला म्हणून दुसऱ्या चित्रपटांच्या कॉमेंट्री पाठवल्यात. तीन दिवस तेच ऐकतेय. मत नोंदवून ठेवते, कुणी विचारलं तर हाताशी असावं.

दीपगृहावरच्या त्या गंभीर चित्रपटाची ऐकू नये. दिग्दर्शक दिसेल त्याला 'अप्रतिम' म्हणतो. चौसष्टपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. सर्कशीतल्या शिंप्याच्या चित्रपटाची ऐकावी, पण मध्यंतरानंतरची. तिथे निर्मात्याला झोप लागते, घोरणं स्पष्ट ऐकू येतं, आणि कॅमेरामन हळू आवाजात खरं बोलायला लागतो. सगळ्यांत सरस म्हणजे कपडेपट सांभाळणाऱ्या सासू-सुनेची. पडद्यावर खून चाललाय आणि या दोघी कोटाच्या तिसऱ्या बटणावरून भांडतायत. मी दोनदा ऐकली.

यावरून एक कळलं. बोलणाऱ्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नसावं, नाहीतर फार पटत असावं. नुसतं बरं चाललेलं असलं की ऐकवत नाही. आमचं कशात बसतं कोण जाणे.

१० फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांच्या लेकीचा फोन. फ्रॉकमध्ये असताना माझ्या खोलीत येऊन टेपांच्या रिकाम्या डब्यांचे मनोरे रचायची, आता तिच्या कानशिलावर पांढरे केस दिसतात. "मावशी, बाबांना दाखवायला काही विनोदी मालिका सुचवाल? हलकंफुलकं, फार पात्रं नसलेलं. एका भागात संपणारं असेल तर उत्तम."

ज्या माणसाने बावीस पात्रांचा भाग पाठीला डोळे असल्यासारखा लिहिला, त्याला आता फार पात्रं नकोत. म्हातारपणी माणसं आळशी होतात. पण मला कुणी काय बघू विचारलं की माझी कळी खुलते, ते काही लपत नाही. लगेच यादी सांगितली. तिने लिहून घेतली, मीही इथे लिहिते.

हवामान खात्यावरची ती मालिका. अंदाज कधीच खरा ठरत नाही एवढाच विनोद आहे, पण मागच्या टेबलावरचा कारकून बघायचा. एक शब्द न बोलता तो अख्खे अकरा भाग खाऊन टाकतो. पहिले दोन भाग सोडून द्यायचे, त्यात सगळेच हसवायच्या मागे लागलेत. दुसरी, जुळ्या दंतवैद्यांची. एकाचा हात हलका, दुसऱ्याचा जड, आणि खुर्चीत बसलेल्याला कळत नाही की आज कोण आलाय. तिचा फक्त तिसरा भाग बघावा. पुढे त्या दोघांची लग्नं होतात आणि मालिका बसते. तिसरी, पोस्टातल्या एका रांगेत सुरू होऊन त्याच रांगेत संपणारी. ती बघताना पाणीसुद्धा प्यायला उठू नये, रांग पुढे सरकलेली असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा भाग झाला. मास्तर पुन्हा "नमस्कार, बसा", पुन्हा चिठ्ठी, पुन्हा बिनसाखरेचा चहा. हॉर्नचा किस्सा याही भागात आला, वास्तविक या भागात मोटार गॅरेजमधून बाहेरच पडत नाही. मी म्हटलं, "मास्तर, हा झाला सांगून." ते माझ्याकडे बघून इतकं गोड हसले की मी पुढचं वाक्य विसरले.

लेक म्हणाली, दंतवैद्य बाबांना फार आवडले. मंगळवारी पाहिलं, काल पुन्हा लावलं, तितकेच हसले. आज सकाळी परत लावणार होते, पण इकडे निघायचं होतं.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकच भाग तीन तीन दिवस. निवड चुकत नाही माझी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज कंपनीतल्या मुलीने बॉम्ब टाकला. गोदामात मूळ टेपा सापडल्या आणि त्यात ते भाषण सापडलं. तीन मिनिटं बावन्न सेकंद, शाबूत. ते शेवटच्या भागात परत बसवायचं तिच्या मनात आहे. 'आजवर कुणी न पाहिलेलं' असं वेष्टनावर छापता येईल. मात्र करारात अट आहे, लेखक आणि संकलक दोघांची संमती लागते.

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. मास्तर पडद्याकडे बघत होते, जणू त्यांच्याबद्दल बोलणं चाललेलंच नाही. लेक घाईघाईने म्हणाली, "बाबा नंतर सांगतील." बावीस वर्षं ज्यासाठी अबोला धरला ती गोष्ट समोर आयती आली आणि हे गप्प. मला पेचात पकडायचं चाललंय. नाही मी म्हणायचं, वाईट मी व्हायचं, आणि हे साधेभोळे.

संध्याकाळी लेकीचा निरोप, दंतवैद्य पाचव्यांदा पाहून झाले. उत्तर दिलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आल्या आल्या लिहायला बसलेय, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

चौथा भाग सुरू व्हायच्या आधी मास्तर हात धुवायला गेले. चिठ्ठी टेबलावर राहिली. दुसऱ्याचं वाचू नये हे कळतं मला, पण मला वाटलं आज कुठला किस्सा येणार ते आधीच माहीत असलेलं बरं. किस्से नव्हते. मास्तरांच्या अक्षरात, जरा वाकड्या झालेल्या, एवढंच होतं.

'डावीकडे बाई. संकलन. चहा बिनसाखरेचा. घाई करू नये. भांडणाचा विषय काढू नये. लेक बाहेर बाकावर बसली आहे.'

मी चिठ्ठी होती तशी ठेवली. मास्तर आले, बसले, चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, मग डावीकडे वळून माझ्याकडे बघितलं. "नमस्कार, बाई," म्हणाले. चार आठवड्यांत पहिल्यांदा. आणि ते वाचून म्हणाले.

भाग कसा गेला आठवत नाही. हॉर्नचा किस्सा आला तेव्हा मी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी हसले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला घरी बोलावलं. माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. विसरायला लागले त्याला दोन वर्षं झाली. आधी चष्मा, किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. सकाळी बरं असतं, दुपारनंतर ढासळतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"ते म्हणाले होते, बाईंना कळू द्यायचं नाही. चांगल्या दिवशी म्हणाले होते. ती चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली तेव्हा, एका सकाळी. रोज खिशात ठेवतात."

"आणि ते कॉमेंट्रीला हो म्हणाले ते?"

"हो मी म्हटलं, मावशी. 'शिकाऊ गाडी' लागली की ते ओळखीच्या ठिकाणी असल्यासारखे बसतात. पुढचं वाक्य आधी म्हणतात. मला वाटलं, तुमच्या शेजारी बसले तर आणखी थोडा वेळ राहतील तिथे."

मग म्हणाली, "मालिका सुचवत राहा हं." मी म्हटलं, आता कशाला, एक पुरेल. आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून हसलो, फार हसलो. ती गेल्यावर मी खुर्चीत बसून रडले. दंतवैद्यांचं श्रेय मी किती मिरवलं होतं.

आणि मी समजत होते की ते मला टाळतायत. टाळायला आधी माणूस ओळखावा लागतो.

६ मार्च, गुरुवार

पाचवा भाग. आता कळलंय तर सगळं सोपं झालं. मास्तर पात्रांची वाक्यं आधीच म्हणतात तेव्हा मी विचारते, "पुढे काय होणार?" ते माझ्याकडे झुकून गुपित सांगतात, मी "काय सांगता" म्हणते, आणि तसंच झालं की खूश होतात. एकदा बहिणीच्या तोंडच्या वाक्याला म्हणाले, "हे बाईंनी सुचवलं होतं, माझं नाही." खरं आहे. मी विसरले होते. माझ्याकडे बघून नाही म्हणाले, पडद्याकडे बघून म्हणाले. पण म्हणाले.

निघताना मी कंपनीतल्या मुलीला गाठलं. म्हटलं, ते भाषण बसव परत, माझी संमती आहे. ती चकित झाली. "मॅडम, तुमचा तर कडक विरोध होता."

मी म्हटलं, "मास्तरांना ते हवं होतं. लक्षात असेल नसेल, हवं होतं. पुढच्या गुरुवारी बघतील ते."

माझ्या बोटांनी काढलेला तुकडा मी कधीच परत लावलेला नाही. पहिल्यांदाच. जिवाला बरं वाटत नाही, पण त्यांना बरं वाटेल. लेकीला सांगितलं तर तिने मास्तरांच्या वतीने होकार दिला आणि माझा हात हातात घेतला.

१३ मार्च, गुरुवार

शेवटचा भाग झाला. भाषणासकट.

आज लिहवत नाही. आकडा दीडशेच्या वर आहे, तेवढा डॉक्टरीणबाईंसाठी.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळपासून तीनदा फोन. कंपनीतली मुलगी म्हणते, मॅडम, त्या चार मिनिटांत मास्तर जे बोलले ते सोनं आहे. ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून डोळे पुसले. ते तसंच ठेवू, दृश्यही आणि त्यावरचं बोलणंही. ऐकणाऱ्याचं काळीज हलेल.

हलेल. माझं हलायचं अजून थांबलेलं नाही. पण ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळेल. मास्तर शेजारी बसलेल्या बाईला ओळखत नाहीत हे सगळ्या जगाला कळेल, आणि तेच त्यांनी नको म्हटलं होतं. माझ्यापुरतं नको म्हटलं होतं, तर परक्यांपुढे कसं चालेल.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही ठरवा. बाबांचं लिखाण तुमच्याच हातात असायचं."

मी कंपनीतल्या मुलीला सांगितलं, उद्या मला तुमच्या एडिटिंगच्या खोलीत बसू दे. एकटीला नाही, यंत्र चालवायला कुणी लागेल, आमच्या वेळची बटणं आता नाहीत.

१५ मार्च, शनिवार

सकाळी नऊला बसले ते दुपारी चारला उठले. मुलगी स्वतः यंत्रावर बसली होती, मी शेजारी. सहाही भागांच्या कॉमेंट्री घेतल्या. हॉर्नचा किस्सा एकूण नऊ वेळा होता, एकदाच ठेवला, सगळ्यांत रंगलेला, पहिल्या गुरुवारचा. "नमस्कार, बसा" काढलं. मास्तर मध्येच "लेक कुठे आहे" विचारतात ते काढलं, मी समजूत घालते ते काढलं. जिथे ते वाक्य शोधत थांबतात तिथे थांबणं अर्ध्यावर आणलं, पूर्ण नाही काढलं, कारण विचार करणारा माणूस थांबतोच. मुलगी दुपारी म्हणाली, "मॅडम, आता ऐकलं तर कुणाला काही कळणार नाही." म्हटलं, संकलन त्यालाच म्हणतात.

मग शेवटचा भाग. भाषणाची संमती मी परत घेतली. भाषण काढलं. किल्ली, आणि थेट बस. त्याबरोबर त्यावरचं बोलणंही गेलं. मुलीने विचारलं, "निदान एक प्रत तरी तुमच्यासाठी?" मी नको म्हटलं. कापलेलं उशाशी घेऊन झोपू नये, हे मी हाताखालच्या पोरींना जन्मभर सांगत आले. जोड बघितला. किल्लीच्या आधी मास्तर म्हणतात, "आता बघा हं," आणि पुढच्या क्षणी बसमध्ये ते दोन पाय दाबले जातात आणि मास्तर खळखळून हसतात. सांधा कुठेच दिसत नाही. बोट फिरवलं तरी लागणार नाही.

उद्या रविवार. मास्तरांकडे जाणार आहे, दंतवैद्य बघायला. मी तो भाग फक्त एकदाच पाहिलाय, त्यांच्या बरीच मागे आहे.

प्रत घेतली नाही. पण गुरुवारी जे ऐकलं ते शब्द न् शब्द लक्षात आहे, आणि ते आता दुसरीकडे कुठेही नाही, म्हणून इथे उतरवते. पडद्यावर भाऊ मोटारीशी बोलत होता. मिनिटभर मास्तर ऐकत राहिले. मग चुळबुळले.

"हे फार लांबलंय," मास्तर म्हणाले.

"कुठलं?"

"हे भाषण. लिहिलंय चांगलं, पण लांबलंय. कुणी लिहिलंय हे?"

"तुम्हीच, मास्तर."

"मी? मग तर जायलाच हवं. आमच्याकडे संकलनाला एक बाई होत्या. त्यांनी हे ठेवलं नसतं."

"तुम्ही भांडला असता त्यांच्याशी."

"भांडलो ना. फार भांडलो. मग बोललोच नाही."

"त्यांनी कुठून कापलं असतं?"

"किल्ली त्याच्या हातावर पडते ना, तिथून. त्याच्यापुढे काही नको. सगळं तिथेच सांगून झालंय." मग पडद्याकडेच बघत, "बरोबर होतं त्यांचं. सांगायचं राहून गेलं. तुम्हाला कुठे भेटल्या तर सांगाल?"

"सांगते," मी म्हटलं.